दोराविना अंतराळात

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानातून बाहेर पडायचे आणि कोणत्याही दोराने न बांधता मोकळे उडायचे, हा प्रकार यानाबाहेरच्या कामाच्या साठ वर्षांत दोनच वर्षी मुद्दाम घडवून आणला गेला: १९८४ मध्ये आणि १९९४ मध्ये. काळ्या आकाशात एकटाच तरंगणारा पांढरा पोशाख आणि खाली निळी पृथ्वी, हे जगभर पोहोचलेले छायाचित्र त्यांतल्या पहिल्या वर्षाचे आहे. एरवी शेकडो वेळा माणसे बाहेर गेली ती दोराने बांधलेली आणि हाताने काहीतरी घट्ट धरून. चित्रात दिसते ते उडणे. या लोकांना प्रत्यक्षात शिकावे लागले ते मुख्यतः धरून राहणे.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून माणूस तरंगतो, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. यान, त्यातली माणसे, हातातून सुटलेला पाना, सारे काही पृथ्वीकडे पडतच असते. पण आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक असल्याने पडता पडता ते पृथ्वीला वळसा घालत राहते. सगळेच सारखे पडत असल्यामुळे एकाच्या तुलनेत दुसरे पडताना दिसत नाही. दारातून बाहेर आलेला माणूसही ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानेच जात असतो, म्हणून तो यानाच्या मागे राहत नाही. आणि हवा नसल्याने त्याला वाराही लागत नाही. अडचण निराळीच आहे. तिथे थांबवणारे काही नसते. भिंतीला बोट लागले तरी शरीर उलट दिशेने निघते, आणि एकदा निघाले की जातच राहते. पान्याने बोल्ट फिरवायला जावे तर माणूसच फिरू लागतो. पहिल्या मोहिमांच्या वेळी हे कागदावर सर्वांना ठाऊक होते. अंगवळणी पडायला दीड वर्ष आणि बरेच श्रम लागले.

या अवस्थेचा पहिला पद्धतशीर विचार १८८३ सालचा आहे. मॉस्कोच्या नैर्ऋत्येला बोरोव्स्क गावात शाळामास्तर असलेल्या, लहानपणीच ऐकू येणे जवळजवळ गमावलेल्या कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्कीने ‘मुक्त अवकाश’ नावाच्या हस्तलिखितात वजन नसलेल्या जगात वस्तू आणि माणसे कशी वागतील हे मांडले. काहीतरी मागे फेकून स्वतः पुढे सरकण्याचे तत्त्वही त्यात आहे. पुढे १९२० मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेल्या ‘पृथ्वीच्या बाहेर’ या त्याच्या कथेतली पात्रे हवाबंद पोशाख घालून यानाबाहेर पडतात. अंतराळात रॉकेट जाण्याच्या कितीतरी आधी एका मास्तराने हे सगळे केवळ तर्काने गाठले होते. त्याच्याच देशाचा नागरिक पहिल्यांदा बाहेर पडला, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. सोव्हिएत अंतराळ कार्यक्रम घडवणारी पिढी त्याचे लेखन वाचून वाढली होती.

तो नागरिक म्हणजे अलेक्सेई लिओनोव. १८ मार्च १९६५ रोजी व्होस्खोद-२ हे यान त्याला आणि पावेल बेल्यायेवला घेऊन बैकानूरहून निघाले. यानातली उपकरणे आतल्या हवेने थंड ठेवली जात, त्यामुळे संपूर्ण यान निर्वात करणे शक्य नव्हते. म्हणून बाहेरच्या अंगाला ‘वोल्गा’ नावाची, कक्षेत पोहोचल्यावर फुगवायची लवचीक कापडी खोली जोडली होती. तीस वर्षांचा लिओनोव तिच्यातून बाहेर आला आणि सुमारे पाच मीटरच्या दोराच्या टोकाला बारा मिनिटे तरंगत राहिला. तो हौशी चित्रकारही होता. रंगीत पेन्सिली सोबत नेऊन त्याने यानात कक्षेतल्या सूर्योदयाचे चित्र काढले.

परत फिरताना संकट समोर आले. बाहेर हवेचा दाब नसल्यामुळे आतल्या दाबाने पोशाख टम्म फुगून कडक झाला होता. बोटे हातमोज्यांच्या टोकांतून आणि पावले बुटांतून मागे सरकली होती. ठरल्याप्रमाणे पाय आधी घालून खोलीत शिरणे जमेना. लिओनोवने जमिनीवर न विचारता झडप उघडून पोशाखातला ऑक्सिजन थोडा थोडा सोडला आणि दाब सुमारे ०.४ वातावरणावरून पाव वातावरणाच्या आसपास आणला. दाब आणखी घसरला असता तर रक्तात बुडबुडे होण्याचा धोका होता. मग तो डोके आधी घालून आत घुसला आणि त्या अरुंद नळीत कसाबसा उलटा फिरून त्याने दार लावून घेतले. उतरतानाही स्वयंचलित यंत्रणा निकामी झाली. बेल्यायेवने यान हाताने चालवत उतरवले ते ठरलेल्या जागेपासून फार दूर, उरल पर्वताजवळच्या बर्फाळ जंगलात. सुटकेपूर्वी दोघांना तिथेच रात्री काढाव्या लागल्या. जगाला त्या वेळी सांगण्यात आले ते एवढेच, की सर्व काही सुरळीत पार पडले. त्या गुप्ततेची किंमत पुढे अमेरिकनांनी मोजली, कारण यानाबाहेरचे काम किती अवघड असते याचा अंदाज येण्याची पहिली संधी हुकली.

अडीच महिन्यांनी, ३ जून १९६५ रोजी, अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातून एड व्हाइट बाहेर पडला. जेमिनीला वेगळी हवाबंद खोली नव्हती. दोघांनीही पोशाख चढवायचे, यानातली हवा सोडून द्यायची आणि वरचे दार उघडायचे. व्हाइटच्या हातात ऑक्सिजनचा झोत सोडणारे पिस्तुलासारखे उपकरण होते. त्याच्या जोरावर तो हवे तिकडे वळला, सरकला, पण त्यातला वायू काही मिनिटांतच संपला आणि उरलेला वेळ दोर ओढत काढावा लागला. तरी वीस मिनिटांहून अधिक काळ तो बाहेर होता आणि आत यायला चक्क नाखूश होता. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत दुःखाचा क्षण आहे, असे म्हणत तो परतला. सोबती जेम्स मॅकडिव्हिटने काढलेली त्याची छायाचित्रे पाहून हे काम म्हणजे निखळ आनंद आहे असे कोणालाही वाटावे. मात्र व्हाइटला बाहेर कसलेही काम करायचे नव्हते. फक्त तरंगायचे होते.

काम करायचे म्हटल्यावर काय होते ते जून १९६६ मध्ये यूजीन सर्ननला कळले. जेमिनी-९ च्या मागच्या भागात अमेरिकी हवाई दलाने बनवलेले पाठीवर बांधायचे उड्डाणयंत्र ठेवले होते. सर्ननने यानावरून सरकत मागे जायचे, ते यंत्र पाठीवर चढवायचे आणि लांब दोराच्या आधाराने उडून दाखवायचे, असा बेत होता. यंत्रातून हायड्रोजन पेरॉक्साइडची तप्त वाफ बाहेर पडणार म्हणून त्याच्या पोशाखाच्या पायांवर धातूच्या धाग्यांचे कापड चढवले होते, आणि त्यामुळे आधीच ताठर असलेला पोशाख आणखी ताठर झाला होता. मागे पोहोचेपर्यंतच तो थकला. यानावर पुरेशा मुठी नव्हत्या, पाय अडकवायला नीट जागा नव्हती. झडप फिरवायला हात लावला की शरीरच भलतीकडे वळे. एका हाताने काम करायचे तर दुसऱ्या हाताने आणि पायांनी सतत स्वतःला आवरायचे. हवेवर चालणारी शीतनयंत्रणा एवढ्या घामाला पुरी पडेना. शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली आणि त्याला दिसेनासे झाले. नाडी मिनिटाला १८० च्या आसपास गेली. कप्तान टॉम स्टॅफर्डने उड्डाण रद्द केले आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळानंतर सर्नन चाचपडत आत आला. पुढे सप्टेंबरमध्ये जेमिनी-११ वर रिचर्ड गॉर्डनचीही अशीच दमछाक झाली.

उत्तर सापडले ते मेरीलँडमधल्या मॅक्डोनो नावाच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात. पोशाख घातलेल्या माणसाला वजने लावून असे तोलायचे की तो पाण्यात ना बुडतो ना वर येतो, आणि मग यानाच्या प्रतिकृतीवर त्याच्याकडून प्रत्येक हालचाल करून घ्यायची. पाणी हालचालीला विरोध करते, म्हणून हा सराव हुबेहूब नसतो. पण पकड नसली की काय होते हे पाण्यातही लगेच कळते. बझ ऑल्ड्रिनने असा सराव केला. जेमिनी-१२ वर पाय अडकवायचे साचे, कमरेचे पट्टे आणि जागोजागी मुठी बसवल्या गेल्या, आणि हवाई दलाचे उड्डाणयंत्र त्या मोहिमेतून सरळ वगळण्यात आले. नोव्हेंबर १९६६ मध्ये ऑल्ड्रिन तीन वेळा मिळून साडेपाच तास दार उघडून काम करत होता आणि थकला नाही. आज ह्यूस्टनजवळ ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल तलाव याच कामासाठी आहे. त्यात सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर पाणी असते आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या भागांच्या प्रतिकृती त्यात बुडवून ठेवलेल्या असतात. सर्ननच्या मोहिमेने शिकवले तेवढे यशस्वी मोहिमांनी शिकवले नाही.

पुढची काही वर्षे यानाबाहेरचे काम निमित्तानिमित्ताने होत राहिले. जानेवारी १९६९ मध्ये येवगेनी ख्रुनोव आणि अलेक्सेई येलिसेयेव बाहेरून एका सोयुझ यानातून दुसऱ्या सोयुझ यानात गेले. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अल वर्डनने चंद्रावरून परतताना, पृथ्वीपासून सुमारे तीन लाख किलोमीटरवर, यानाबाहेर येऊन चित्रफितींचे डबे आत आणले. जून १९७३ मध्ये पीट कॉनराड आणि जो केर्विन यांनी स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाचा अडकलेला सौरपंखा मोकळा करून ते स्थानक वाचवले. मोकळ्या उड्डाणाच्या दृष्टीने मात्र स्कायलॅबचे महत्त्व त्याच्या पोटात होते. पिंपासारख्या त्या स्थानकाचा अंतर्भाग साडेसहा मीटरहून रुंद होता आणि तिथे नायट्रोजनच्या झोतांवर चालणारे पाठीवरचे यंत्र भिंतींच्या आत, सुरक्षितपणे उडवून पाहता आले. त्या प्रयोगाच्या संशोधकांत ब्रूस मॅकॅन्डलेस हा नौदलाचा वैमानिक होता.

मॅकॅन्डलेसची निवड १९६६ मध्येच झाली होती. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा ह्यूस्टनहून त्याच्याशी बोलणारा आवाज मॅकॅन्डलेसचा. स्वतःची पाळी मात्र येईना. सोबतची काही माणसे दोन-दोन वेळा जाऊन आली. दरम्यान हवाई दलातला अभियंता एड व्हिटसेट आणि मार्टिन मॅरिएटा कंपनी यांच्याबरोबर तो उड्डाणयंत्राच्या मागे लागून राहिला. तयार झालेले यंत्र पाठ टेकायच्या, बैठक नसलेल्या आरामखुर्चीसारखे दिसे. वजन दीडशे किलोच्या घरात, दोन टाक्यांत सुमारे बारा किलो नायट्रोजन, चोवीस बारीक तोट्या. डाव्या हाताच्या दांडीने पुढे-मागे, वर-खाली, आजूबाजूला सरकायचे. उजव्या हाताच्या दांडीने वळायचे. एक कळ दाबली की यंत्र स्वतःच स्थिती सांभाळून धरी. प्रत्येक यंत्रणा दुहेरी होती, एक बिघडली तरी दुसरीवर परतता यावे म्हणून. नायट्रोजन थंड आणि निरुपद्रवी, त्यामुळे सर्ननची धातूची विजार लागली नाही.

७ फेब्रुवारी १९८४ रोजी चॅलेंजर या अंतराळ शटलमधून, अठरा वर्षे थांबल्यानंतर आणि आपल्या पहिल्याच अंतराळप्रवासात, मॅकॅन्डलेसने दोर न लावता उड्डाण केले. आधी मालवाहू कप्प्यातच यंत्र तपासले, मग हळूहळू दूर गेला आणि सुमारे ९८ मीटरवर थांबून परत आला. नीलसाठी ते छोटे पाऊल असेल, आपल्यासाठी ही भलतीच मोठी झेप आहे, असा शेरा त्याने जाता जाता मारला. त्याच दिवशी रॉबर्ट स्टुअर्टनेही उडून पाहिले. धाडस दिसते तेवढे आंधळे नव्हते: यंत्र पूर्ण बंद पडले असते तर शटल स्वतः सरकत जाऊन त्याला उचलून आणू शकत होते. संपूर्ण प्रयोगाचा भरवसा या एका गोष्टीवर होता, आणि पुढे तिच्याच अभावी तो बंद राहिला.

अनुभवाचे मॅकॅन्डलेसने केलेले वर्णन फारसे काव्यमय नाही. अंतराळात गाढ शांतता असते असे त्याला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात रेडिओवर एकाच वेळी तीन-तीन संभाषणे कानात चालू होती. पोशाखाची शीतनयंत्रणा कष्टाच्या कामासाठी बनवलेली, आणि तो तर जवळजवळ नुसताच तरंगत होता, त्यामुळे थंडीने दात वाजू लागले. शटलच्या खिडकीतून रॉबर्ट गिब्सनने त्याची छायाचित्रे काढली. सोनेरी मुलामा दिलेल्या काचेमुळे त्यांत चेहरा दिसत नाही, आणि मॅकॅन्डलेसच्या मते ते छायाचित्र लोकांना भावण्याचे कारण तेच: आत कोणीही असू शकते. ही निनावीपणाची आवड मर्यादित होती, हेही खरे. पंचवीसेक वर्षांनी एका ब्रिटिश गायिकेने ते छायाचित्र परवानगीविना आपल्या संगीतसंग्रहाच्या वेष्टनावर वापरले म्हणून त्याने दावा लावला होता.

याच मोहिमेत सोडलेले दोन दळणवळण उपग्रह, अमेरिकेचा वेस्टार-६ आणि इंडोनेशियाचा पालापा-बी२, त्यांच्या मोटारी नीट न चालल्याने भलत्याच कक्षेत अडकले. उड्डाणयंत्राला पुढचे काम त्यातूनच मिळणार होते. त्याआधी एप्रिलमध्ये ‘सोलर मॅक्स’ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या, तीन वर्षांहून अधिक काळ अपंग झालेल्या उपग्रहाची पाळी आली. जॉर्ज नेल्सन दोराविना त्याच्यापर्यंत पोहोचला आणि छातीवरचे पकडयंत्र उपग्रहाच्या खुंटीवर बसवू लागला. तीन वेळा धडक देऊनही ते बसेना. खुंटीजवळ उष्णतारोधक आवरणाचा एक छोटा खिळा होता, आणि तो आराखड्यात दाखवलेला नव्हता. नेल्सनने सौरपंखा हाताने धरून पाहिला, तर उपग्रह आणखीच गिरक्या घेऊ लागला. जमिनीवरून तो कसाबसा स्थिर केला गेला आणि अखेर शटलच्या यांत्रिक हाताने पकडला. ११ एप्रिलला नेल्सन आणि जेम्स व्हॅन हॉफ्टन यांनी त्याची दुरुस्ती केली, कप्प्यात पाय पक्के अडकवून. हे चालू असताना सोव्हिएत सॅल्युत-७ स्थानकावर भारताचे राकेश शर्मा होते. त्या आठवड्यात शटल आणि स्थानक मिळून अकरा माणसे कक्षेत होती, तोवरची सर्वांत मोठी संख्या. शर्मा त्याच ११ एप्रिलला परतले. त्यांच्यामागे सॅल्युतवर राहिलेल्या लिओनिद किझिम आणि व्लादिमीर सोलोव्योव यांनी पुढच्या महिन्यांत अनेकदा बाहेर जाऊन इंधनाच्या नळ्या दुरुस्त केल्या, आणि जुलैमध्ये त्याच स्थानकावरून स्वेतलाना सावित्स्काया ही यानाबाहेर काम करणारी पहिली स्त्री ठरली. सोव्हिएत बाजूचे हे सारे काम दोर आणि मुठी यांच्यावरच चालले.

नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी शटल भरकटलेल्या दोन उपग्रहांच्या मागावर गेले. मालकांना भरपाई देऊन ते आता विमा कंपन्यांच्या नावावर झाले होते. १२ नोव्हेंबरला जो अॅलनने पालापाच्या मोटारीच्या तोंडात लांब दांडा घुसवून त्याचे फिरणे थांबवले. मग तो कप्प्यात बसवायची चौकट जुळेना. तेव्हा चणीने लहान असलेल्या अॅलनने अर्ध्या टनाहून जड असलेला तो उपग्रह डोक्यावर धरून ठेवला, पृथ्वीला जवळजवळ एक पूर्ण फेरी होईपर्यंत. वजन लागत नव्हते. जडत्व मात्र पूर्ण होते, एकदा डोलू लागला असता तर आवरणे कठीण. दोन दिवसांनी डेल गार्डनरने वेस्टार आणला आणि दोघांनी ‘विकणे आहे’ असा फलक धरून छायाचित्र काढून घेतले.

फलक थट्टेचा होता, पण विक्री खरोखर झाली. वेस्टार-६ दुरुस्त होऊन हाँगकाँगच्या कंपनीकडे गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी लाँग मार्च रॉकेटने एशियासॅट-१ या नावाने पुन्हा कक्षेत पोहोचला. १९९१ पासून स्टार टीव्हीच्या आणि ऑक्टोबर १९९२ पासून झी टीव्हीच्या वाहिन्या याच उपग्रहावरून येऊ लागल्या. मुंबई-पुण्यात इमारतींच्या गच्च्यांवर केबलवाल्यांनी लावलेल्या पहिल्या डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून होत्या, तो एका माणसाने मोकळे उडत जाऊन पकडून आणलेला होता. मोकळ्या उड्डाणाचा महाराष्ट्राच्या घराघरांशी इतका सरळ संबंध असेल हे त्या काळी मालिका पाहणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

एवढे करून ते यंत्र पुन्हा कधी वापरले गेले नाही. सहा अंतराळवीर, नऊ उड्डाणे, एकूण दहा तासांच्या थोडे वर, इतकीच त्याची कारकीर्द. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरच्या अपघातात सात जण गेले, त्यांत मॅकॅन्डलेसचा सहप्रवासी रॉन मॅकनेअरही होता. त्यानंतर प्रत्येक धोका नव्याने तोलला गेला. व्यापारी उपग्रह शटलने सोडणे थांबले, तेव्हा ते परत आणण्याचा प्रश्नच राहिला नाही. त्याहून मोठे कारण तांत्रिक होते: १९८४ च्या तिन्ही मोहिमांनी दाखवून दिले होते की शटल हलक्या हाताने हवे तिथे नेता येते आणि यांत्रिक हाताच्या टोकाला पाय अडकवून उभा असलेला माणूस उडणाऱ्या माणसाइतकेच, बहुधा अधिक, काम करतो. मे १९९२ मध्ये इंटेलसॅटचा चार टनांचा उपग्रह पकडायचा बेत दोनदा फसला, तेव्हा तीन अंतराळवीर पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी तो चक्क हातांनी धरला.

सोव्हिएत संघानेही आपले यंत्र बनवले होते. फेब्रुवारी १९९० मध्ये मीर स्थानकावरून अलेक्सांद्र सेरेब्रोव आणि अलेक्सांद्र व्हिक्टोरेन्को यांनी ते चालवले, अनुक्रमे ३३ आणि ४५ मीटरपर्यंत. दोर मात्र लावलेला होता, कारण मीरसारखे अवजड स्थानक भरकटलेल्या माणसाच्या मागे जाऊ शकत नाही. त्या दोन चाचण्यांनंतर ते यंत्र आत जागा अडवते म्हणून स्थानकाच्या बाहेर बांधून ठेवण्यात आले.

हीच अडचण आंतरराष्ट्रीय स्थानकालाही येणार होती. दोर तुटला किंवा हूक निसटला तर माणसाने स्वतःच परत यायला हवे. त्यासाठी ‘सेफर’ हे छोटे यंत्र तयार झाले: वजन चाळीस किलोच्या आत, नायट्रोजन जेमतेम दीड किलो, काम एकच, गिरकी थांबवून जवळच्या मुठीपर्यंत पोहोचवणे. १६ सप्टेंबर १९९४ रोजी डिस्कव्हरीच्या मालवाहू कप्प्यावर मार्क ली आणि कार्ल मीड यांनी ते दोराविना तपासले. एकाने दुसऱ्याला मुद्दाम गरगर फिरवायचे आणि यंत्र त्याला सावरते का पाहायचे, असाही चाचणीचा भाग होता. त्यानंतर दोर जाणूनबुजून सोडून कोणी उडालेले नाही. सेफर आज स्थानकावरच्या अमेरिकी पोशाखाच्या पाठीवर कायम असते आणि खऱ्या संकटात ते वापरण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

हातून सुटलेल्या वस्तूचे काय होते हे नोव्हेंबर २००८ मध्ये दिसले. हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर ही अंतराळवीर गळलेले वंगण पुसत असताना हत्यारांची पिशवी निसटली आणि हाताच्या अंतरापलीकडे गेली. मग जमिनीवरचे हौशी निरीक्षक दुर्बिणीतून तिची वाट पाहू लागले. विरळ हवेच्या घर्षणाने उंची कमी होत ती ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात जळून गेली. एड व्हाइटच्या वेळी असाच एक हातमोजा निसटला होता.

बाहेर गेलेल्यांच्या कथनांत विस्मय आणि भीती एकमेकांत मिसळलेले आढळतात. दर दीड तासाला एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त होतो. उन्हात पृष्ठभाग शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापतात, सावलीत उणे शंभराच्याही खाली जातात. खाली कोणती बाजू, हे मनानेच ठरवावे लागते. १९९७ मध्ये मीरबाहेर गेलेल्या जेरी लिनेंजरला आपण कड्यावरून कोसळत आहोत अशी जाणीव सतत छळत राहिली, आणि ती शास्त्रीय दृष्ट्या अगदी बरोबर होती. परतल्यावर पोशाखाला तापलेल्या धातूसारखा, वेल्डिंगसारखा वास येतो, असे अनेकांनी नोंदवले आहे. एप्रिल २००१ मध्ये काचेवर धुके जमू नये म्हणून लावलेले द्रव्य डोळ्यांत गेल्याने ख्रिस हॅडफिल्डला काही काळ दिसेनासे झाले. अश्रू खाली ओघळत नाहीत, डोळ्यावरच गोळा होतात. जुलै २०१३ मध्ये लुका पार्मितानोच्या शिरस्त्राणात शीतनयंत्रणेचे पाणी साचून नाकापर्यंत आले आणि तो दोराच्या ओढीवरून अंदाज घेत दारापर्यंत परतला. दोराचा उपयोग केवळ भरकटू न देण्यापुरता नाही, हे त्या दिवशी दिसले.

सध्याची रीत ठरलेली आहे. पोशाखात शुद्ध ऑक्सिजन, साधारण ०.३ वातावरण दाबाचा. म्हणून बाहेर जाण्यापूर्वी ऑक्सिजन श्वसून रक्तातला नायट्रोजन काढून टाकावा लागतो. लांब सुरक्षादोर स्थानकाला बांधलेला, शिवाय कामाच्या जागी छोटा दोर. नवा हूक लागल्याची खात्री झाल्याशिवाय जुना काढायचा नाही. प्रत्येक हत्यारालाही स्वतःचा दोर. या शिस्तीत सहा ते आठ तास काम चालते. सुनीता विल्यम्स यांनी नऊ वेळा बाहेर जाऊन एकूण ६२ तास ६ मिनिटे काम केले आहे, स्त्रियांमधला तो विक्रम आहे. सर्वाधिक वेळा, सोळा वेळा, बाहेर गेलेला अंतराळवीर रशियाचा अनातोली सोलोव्योव. एका दमात सर्वाधिक काळ बाहेर राहण्याचा विक्रम चिनी स्थानकावरच्या साई शूझ आणि सोंग लिंगतोंग यांचा, १७ डिसेंबर २०२४ रोजीचा, ९ तास ६ मिनिटांचा. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला जॅरेड आयझॅकमन आणि सारा गिलिस खासगी मोहिमेत यानाच्या तोंडाशी आले. त्यांच्या ड्रॅगन यानाला हवाबंद खोली नसल्याने जेमिनीप्रमाणेच संपूर्ण यानातली हवा सोडावी लागली, आणि दोघेही पाळीपाळीने दारातल्या शिडीवजा चौकटीला धरून काही मिनिटेच बाहेर राहिले. मॅकॅन्डलेसच्या काळातले एक उड्डाणयंत्र वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या विमानसंग्रहालयात ठेवले आहे, डिस्कव्हरी शटल ज्या दालनात आहे तिथेच.